वकालत : नीयत आणि पात्रता

समजा पेणमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका विधवा भगिनीला थकीत भाड्यापायी घर खाली करण्याच्या दाव्याचे समन्स आले. रोह्याचे एक परिचित गृहस्थ म्हणाले, "वकील कशाला? मुखत्यारपत्र द्या, कोर्टात मीच बोलतो." गृहस्थ नमाजी आहेत, मोबदलाही मागत नाहीत. मग हे पुण्यकर्मच नव्हे काय?

'वकील' हा शब्द मराठीत अरबीतून आला. ज्याच्यावर आपले काम सोपविले, तो वकील. शरीअतला वकालत मान्य आहे. हजरत अली (रजि.) यांनी दाव्यात आपले बंधू हजरत अकील (रजि.) यांना वकील नेमल्याचा उल्लेख फिकहच्या ग्रंथांत येतो. कोकणातील आपण बहुतेक शाफई. आपल्या मजहबात त्यासाठी प्रतिपक्षाची संमतीही लागत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलण्यात दोष नाही. प्रश्न पात्रतेचा आहे.

सुनन अबू दाऊदमधील एका हदीसचा आशय असा की, वैद्यक न जाणता उपचार करणारा हानीची भरपाई करण्यास बांधील असतो. तेथे नीयतीची सबब चालत नाही. कोर्टातही तेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, तिच्यावर 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला व पुढेही भाडे नियमित दिले, तर भाडेकरूचे घर वाचू शकते. हे ठाऊक नसलेल्याच्या हाती कागद गेले आणि मुदत टळली, तर छप्पर त्या भगिनीचे जाते, गृहस्थांचे नव्हे.

शिवाय अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार वकिली नोंदणीकृत अधिवक्त्यांनीच करावयाची आहे. न्यायालय एखाद्या प्रकरणापुरती इतरास परवानगी देऊ शकते. मात्र अनधिकृत वकिलीस 6 महिन्यांपर्यंत कैद आहे. मुखत्यारपत्राने दुसऱ्याच्या वतीने सही करता येते, युक्तिवादाचा हक्क मिळत नाही.

"गरिबाने फी कोठून आणावी?" हा प्रश्न रास्त आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्या गृहस्थांनी कागद नीट लावून द्यावेत, भगिनीसोबत तालुका विधी सेवा समितीकडे जावे, तारखेला तिच्याबरोबर बसावे. अमानत तिच्या हक्कदाराकडे सोपवा, ही सूरह अन-निसाची (4:58) शिकवण आहे. जे काम आपल्याला पेलणार नाही, ते पेलणाऱ्याच्या हाती देणे हीदेखील अमानतदारीच होय.