मृताचे वर्तन आणि चालकाचा गुन्हा

मद्य पिऊन वाहन चालवणाऱ्याच्या धडकेने माणूस मरतो, खटला उभा राहतो आणि आरोपीचा वकील म्हणतो की मरणाराही प्यालेला होता. ही साक्ष न्यायालयाने ऐकावी काय?

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली या प्रश्नाचा निर्णय दिला. पावसाळी, अंधारी रात्र. जवळ पदपथ असताना एक पादचारी वाहनांकडे पाठ करून भर रस्त्यातून चालला होता. त्याच्या रक्तातील मद्य चालकांसाठीच्या कायदेशीर मर्यादेच्या तिपटीहून अधिक होते. चालकही प्यालेला होता. खालच्या न्यायालयाने मृताच्या नशेचा पुरावा ज्यूरीपुढे येऊच दिला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते चूक ठरवले. मृताचा साधा निष्काळजीपणा चालकाला सोडवत नाही. घोर बेपर्वाई मात्र मृत्यूचे कारणच बदलू शकते. तरीही मृत प्यालेला होता एवढ्यानेच असा पुरावा ग्राह्य ठरत नाही, हेही त्याने बजावले.

ईमानधारकाच्या मनाला हे प्रथम खटकते. मृतांविषयी वाईट बोलण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे आणि गीबतीला कुरआनने मृत भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे (अल्-हुजुरात : १२). मृताला तर उत्तरही देता येत नाही. परंतु साक्ष लपवणे हेही पाप आहे (अल्-बकरा : २८३). इमाम नववी यांनी गीबत जायज ठरणारे सहा प्रसंग सांगितले, त्यांत पहिला अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा. आपल्या वाट्याहून अधिक शिक्षा टाळू पाहणारा आरोपी, मग तो कितीही अप्रिय असो, माझ्या मते दादच मागत असतो.

आपल्या फुकहांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला. दोन घोडेस्वार नकळत एकमेकांवर आदळून मेले, तर दियत किती? शाफई मत असे की प्रत्येक जण अर्धा स्वतःच्या कृतीने मेला, म्हणून अर्धी. हनफी मत पूर्ण दियतीचे. कारण रस्त्याने जाणे हे मुबाह कृत्य आहे, ते मृताच्या विरोधात मोजता येत नाही. मतभेद आहे, पण दोन्हीकडे मृताची कृती तपासली जाते, त्याचे चारित्र्य नव्हे. तो एरवी कसा वागे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

अनेकांच्या हातून नकळत हत्या घडली, तर दियत त्यांच्यात वाटली जाते. कफ्फारा मात्र वाटला जात नाही, तो प्रत्येकावर पूर्ण असतो, असे बहुसंख्य फुकहांचे मत आहे. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे (अन्निसा : ९२), एक दिवसही कमी नाही. म्हणजे मृताची चूक सिद्ध झाली, तरी प्यालेल्या चालकाचे अल्लाहसमोरचे ओझे हलके होत नाही. मद्यपानाचा गुनाह तर वेगळाच.

हनफी फुकहांचा मुबाह कृत्याचा निकष आपल्या शहरांतही उपयोगी पडतो. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली; सात जण मेले. अशा वेळी ‘ते तेथे झोपलेच का?’ असे हमखास विचारले जाते. पदपथावर झोपणे गैरसोयीचे असेल, नियमबाह्यही असेल. पण मोटार रस्ता सोडून वर चढली, ती त्यांच्या झोपेमुळे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली चालकाची सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. ती तीन वर्षांची होती.