झाडू आणि कीर्तन

‘हे महापालिकेचंच काम नाही का?’ तरुण मुलं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली की हा प्रश्न येतोच, आणि बहुधा झाडूला हात न लावलेल्याकडूनच येतो. सांगलीत ‘निर्धार फाउंडेशन’चे कार्यकर्ते २०१८पासून शहराचे कोपरे झाडतात, भिंती रंगवतात. त्यांना कायदा ऐकवणं सोपं आहे. १९४९च्या महानगरपालिका अधिनियमात रस्ते झाडणं हे बंधनकारक कर्तव्य आहे. पण ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचा पूर ओसरला, तेव्हा गाळ कोणाच्या अखत्यारीतला हे कोण विचारत बसलं? बाहेरगावची माणसं सरळ कामाला लागली. तरी पूर एकदाचा, कचरा रोजचा. स्वच्छ करणं आणि स्वच्छ राखणं यांत फरक आहे. पहिल्याला उमाळा पुरतो. दुसऱ्याला गाडी, माणूस आणि पगार लागतो.

झाडू म्हटला की गाडगे महाराज आठवतात. त्या बाबांचा झाडू आपण उचलला, कीर्तन मात्र विसरलो. ते दिवसा गाव झाडत आणि रात्री त्याच गावाला प्रश्न विचारून भंडावून सोडत. २०००मध्ये सरकारनं त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा प्रश्न विचारण्याचं काम तपासणी समितीकडे गेलं.

म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचं थोडं मान्य करावंच लागतं. सुंदर चित्राखाली आठवड्यानं पुन्हा ढीग साचला, तर तिथं घंटागाडी थांबत नाही हे चित्र सांगत नाही, उलट झाकतं. पण तो ढीग कशाचा, मंडईच्या पाल्याचा की हॉटेलच्या खरकट्याचा, आणि गाडी कोणत्या वारी चुकते, हे नेमकं कोणाला ठाऊक असतं? रोज तोच कोपरा झाडणाऱ्याला. सुरुवातीला टाळावासा वाटलेला तो प्रश्न आता मला स्वयंसेवकांच्याच तोंडी हवासा वाटतो: तारीखवार नोंदी हातात घेऊन, प्रभाग कार्यालयात. सोबत त्याच रस्त्यावर पहाटे झाडणारा, फोटोत कधीच नसलेला सफाई कामगार असावा. बाबांनंतर इतकी वर्षं झाडणं आपण जातीवर सोपवून ठेवलं. निदान त्याच्या हातमोज्यांचा विषय तरी तिथल्या बैठकीत पहिला निघावा. भिंतीचा रंग नंतर ठरवता येईल.