आपत्काळ, संचय आणि शहापूर तालुका

महानगराची घडी कधी विस्कटलीच, तर आपला आणि आपल्या मुलाबाळांचा निर्वाह व्हावा म्हणून दूरच्या एखाद्या तालुक्यात चार एकर जमीन पाहून ठेवावी, तेथे विहीर खणावी, भात-नाचणी पिकवावी, धान्य साठवावे आणि वेळ येताच तिकडे प्रस्थान ठेवावे, असा विचार अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे वारंवार बोलला जातो. ज्यांनी 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडताना पाहिला, आणि 2020 साली लोकल गाड्या सामान्य प्रवाशांना महिनेच्या महिने बंद झालेल्या अनुभवल्या, त्यांच्या या भयाला कोणी निराधार म्हणू नये. परंतु तालुका पसंत करताना जी कसोटी लावली जाते, म्हणजे पाणी बारमाही हवे, हमरस्ता दूर हवा, वस्ती विरळ हवी आणि कुंपण मजबूत घालता यावे, ती धर्मदृष्टीने टिकते काय, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

संचय हा स्वतः दोष नव्हे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाच्या चार प्रती सांगितल्या आहेत: कोठारभर धान्य बाळगणारा, रांजणभर बाळगणारा, तीन दिवसांपुरते बाळगणारा आणि उद्याचीही तरतूद न करणारा. यांत उत्तरोत्तर श्रेष्ठ असा क्रम लावला असला, तरी कोठार भरणाराही पायरीवरून ढकलून दिलेला नाही. महाभारतातील शांतिपर्व तर याहून पुढे जाते. बारा वर्षांच्या अवर्षणात चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस उचलणाऱ्या विश्वामित्राची कथा सांगून, आधी प्राण राखावा आणि मग धर्माचरण करावे, हा पक्ष ते निर्भयपणे मांडते. प्राणरक्षणाचा अधिकार आपल्या परंपरेने कधी नाकारलेला नाही, आणि जो तो नाकारील त्याने उपाशी मुलाच्या तोंडाकडे पाहून मग बोलावे.

जागेची पारखही आपल्याला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे असे बजावले आहे. एवढेच नव्हे, तर गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत न राहता टाकी खोदून ठेवावीत, असेही सांगितले आहे. मात्र परचक्र आले असता रयत देशोधडीस लागू नये, मुलखाला आधार असावा, हे त्या पाण्याचे आणि त्या तटाचे प्रयोजन होते. आजच्या शोधकाने अमात्यांची दक्षता घेतली आणि प्रयोजन मात्र सोडून दिले, असे खेदाने म्हणावे लागते.

आपण जेथे राहतो ती उपनगरे तरी काय आहेत? तीही एकेकाळची आश्रयस्थानेच. 1896 साली मुंबईच्या मांडवीत प्लेग उद्भवला, शहरातून माणसांचे लोंढे बाहेर पडले, आणि पुढील काळात साष्टीच्या खेड्यांतून, भातखाचरांच्या आणि ताडामाडांच्या सावलीत, शहरवासीयांनी मोकळ्या हवेसाठी घरे बांधली. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे; 1920 मध्ये त्याचा निराळा उपनगर जिल्हा झाला आणि 1957 मध्ये महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत येऊन पोहोचली. साठ वर्षांत आश्रयस्थानाचे शहर झाले.

आता शहापूर तालुका घ्या, कारण मुलुंडहून नाशिकच्या हमरस्त्याने निघणाऱ्याच्या वाटेवर तो लागतो, आणि कागदावर तो बहुतेक कसोट्यांना उतरतो. शंभर इंचांच्या आसपास पाऊस, सह्याद्रीची ओळ, साग-ऐनाचे रान. तानसा तलाव तेथलाच, 1892 सालचा. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा पुरवणारे भातसा धरणही तेथलेच. आणि तरीही फाल्गुन उलटला की त्याच तालुक्यातील गावपाड्यांवर टँकर सुरू होतात. कातळ पाणी धरीत नाही, उतार ते थांबू देत नाही, आणि जे धरणात थांबते ते जलवाहिन्यांतून भांडुपला येऊन आमच्या नळांत उतरते. वैशाखात कसाऱ्याकडच्या एखाद्या पाड्याखालच्या झिऱ्याशी उभे राहून पाहावे: बाई खड्ड्यात वाकलेली असते, वाटीने गढूळ पाणी उचलून फडक्यातून हंड्यात ओतते, तळ लागला की पुन्हा पाझरेपर्यंत टेकून बसते, आणि मागे आणखी हंडे रांगेत असतात. दिवाळी सरली की तेथली कातकरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्या भूमीत आम्ही निर्वाह शोधू पाहतो, त्या भूमीची लेकरे निर्वाहासाठी वर्षाकाठी काही महिने तिच्याबाहेर असतात. वस्ती विरळ दिसते ती काही अंशी या कारणाने.

म्हणून ‘पाणी आहे काय?’ या प्रश्नाआधी ‘ते कोणाचे आहे?’ हा प्रश्न येतो. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर चौथे मनुष्यांचे ऋण सांगितले आहे, आणि त्याची फेड माणसाला आसरा व अन्न देऊन करावयाची असते. मुलुंडच्या गृहस्थाने जन्मभर शहापूरचे पाणी प्यायले आहे. तो त्या तालुक्यात पाऊल टाकतो ते ऋणको म्हणून. कायद्यालाही याची काही जाणीव आहे, असे मला वाटते. 1948 च्या कूळ कायद्याचे कलम 63 बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेऊ देत नाही, आणि 1966 च्या जमीन महसूल अधिनियमातील 36 व 36अ ही कलमे आदिवासी खातेदाराच्या जमिनीला कवच घालतात. सातबाऱ्यावर पळवाट शोधणारे दलाल पुष्कळ भेटतात. ज्याला आपत्काळात धर्माचा आधार हवा आहे, त्याने आरंभच त्या वाटेने करू नये.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राने शतकानुशतके हृदयाशी धरली. बिदरच्या बादशहाची कोठारे त्यांनी दुष्काळात रयतेला खुली केली, आणि ती रक्कम विठ्ठलाने स्वतः भरली, अशी श्रद्धा आहे. त्या कथेत धान्य साठवणाऱ्याची निंदा कोठेच नाही, कारण कोठार नसते तर दामाजींना उघडायला काय उरले असते? परंतु त्यांनी दार उघडले तेव्हा समोर उभी असलेली माणसे त्यांच्या ओळखीची होती. ज्या मुलखाचा वसूल ती कोठारे भरीत होता, त्याच मुलखाची ती होती. आपत्ती येईपर्यंत ज्याने शेजारच्या पाड्यातील एकाही माणसाचे नाव जाणून घेतलेले नाही, त्याला त्या दिवशी समोर माणसे दिसणार नाहीत, केवळ जमाव दिसेल, आणि तो कडी लावील.

तेव्हा जमीन पाहण्यास निघणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच की, मातीची परीक्षा आणि पाण्याच्या शिरेचा शोध यांबरोबर त्यांनी ग्रामसभेत जाऊन बसावे, टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो ते विचारावे, पावसाळ्यापूर्वी ओढ्यावर बंधारा घालण्याच्या कामात हात लावावा, आणि हे करण्याची तयारी नसेल तर तो तालुका आपल्यासाठी नाही असे समजून परत फिरावे. विहीर खणण्याची वेळ आली, तर ती कुंपणाबाहेर, पाड्याच्या वाटेवर खणावी, आणि तिच्या काठावर चार हंडे टेकतील एवढा ओटा पहिल्याच वर्षी बांधून घ्यावा.