अंगणातला कडुनिंब



चर्चच्या अंगणात काय लावावे, यावर आपल्यात दोन मते आहेत. काहींना कडुनिंब हवा. काही म्हणतात, घोळीची भाजी पसरू द्या, जमीन तरी झाकेल. घोळ आपल्याला परकी नाही. वसमतकडे हळदीच्या रानात आपण ती तण म्हणून उपटतो आणि घरी आणून डाळीत शिजवतो! तिच्या जाड पानांत पाणी साठते, म्हणून थोड्या ओलीवरही ती तग धरते. पण हिंगोलीच्या मे महिन्यात मिस्सानंतर थांबलेल्या आजीला ती सावली देणार नाही.

योना संदेष्ट्याला देवाने एका रात्रीत वाढलेल्या रोपाची सावली दिली. किडीने ते वाळले, तेव्हा योना मरण मागू लागला. ज्यासाठी तू कष्ट केले नाहीस त्याची तुला एवढी हळहळ, मग निनवेतल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि गुराढोरांची मला का वाटू नये, असे देवाने त्याला विचारले (योना 4).

मागच्या पावसाळ्यात आपणही कडुनिंबाचे रोप लावले, फोटो काढला. या एप्रिलमध्ये ते वाळले. योना निदान रागावला तरी. आपल्याला पंधरा दिवस कळलेच नाही.

तरीही आम्ही कडुनिंबाच्याच बाजूचे. त्याची सावली पडायला काही वर्षे लागतील. आपल्यातल्या काहींना ती मिळणारही नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, एवढे ठरायचे आहे. दाराशी वही ठेवली आहे. प्रत्येक कुटुंबाने आपला आठवडा लिहावा, मगच खड्डा खणू.