पानाची मागची बाजू

नळाचं पाणी येऊन गेलं, पिंपं भरली, डबे घेऊन माणसं कामाला गेली, घर जरा निवांत झालं, की गॅलरीत या. शिवडीतल्या चाळीची गॅलरी ही. कठड्याला तारेनं बांधलेले रंगाचे रिकामे डबे, तेलाचा एक पत्र्याचा डबा, ग्रीलमध्ये दाटीनं बसवलेल्या कुंड्या. एकीत लाल जास्वंद, एकीत मोगरा, कोपऱ्यात तुळस, आणि कधीतरी बी पडून आपोआप उगवलेलं लिंबू. आजच्या मननाला एवढी बाग पुरे.

हातात काही घेऊ नका. फवाऱ्याची बाटली आतच राहू द्या. जास्वंदीसमोर बसा, पण फुलाकडे पाहू नका. फुलाकडे आपण रोजच पाहतो. शेंड्याजवळचं एक पान दोन बोटांत धरा आणि हलकेच उलटं करा.

श्वास सोडा. पाहा.

शिरेला चिकटून, देठाच्या बेचक्यात, पीठ सांडल्यासारखं पांढरं काही दिसेल. हा पिठ्या ढेकूण. नर्सरीवाले याला मिलीबग म्हणतात. तो दिसताक्षणी तुमच्या मनात काय उठलं, तेही पाहा. बहुतेकांच्या मनात किळस उठते आणि अंगठा आपोआप पुढे सरकतो. अंगठा तिथेच थांबवा. मारायचंच नाही असं मी म्हणत नाही. त्याकडे आपण येऊच. आधी समोर कोण आहे ते कळू दे.

ते पांढरं म्हणजे मेण. किड्यानं स्वतःच्या अंगातून काढलेलं. त्यावरून पाणी ओघळतं, औषधही ओघळतं. आतली आहे ती मादी. तिला पंख नाहीत. झाडात सोंड खुपसून रस ओढत ती जवळजवळ सगळं आयुष्य काढते. नर इवलासा, पंख असलेला. मोठा झाल्यावर त्याला खायला तोंडही राहत नाही, थोडे दिवस जगून तो संपतो. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं मात्र चालती असतात. ती वाऱ्यावर जातात, मुंग्यांबरोबर जातात, वाळत घातलेल्या कपड्याला लागून शेजारच्या कुंडीत जातात. जास्वंदीवर कीड ‘अचानक’ आली असं आपण म्हणतो. अचानक काही आलेलं नसतं. पानाची ही बाजू आपण पाहिलेली नसते, इतकंच.

आता खालच्या पानाला बोट लावा. चिकट लागेल. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि अंग वाढवायला लागणारं सत्त्व थोडं. म्हणून हा किडा गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस पितो आणि उरलेली साखर बाहेर टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पान काजळतं. आणि त्याच चिकट्यासाठी मुंगी येते.

एक मुंगी निवडा. फक्त तिच्यामागे नजर जाऊ द्या. ती मातीतून खोडावर चढते, प्रत्येक बेचक्यात थांबते, पिठ्या ढेकणाला मिशांनी चाचपते, गोड थेंब घेते आणि पुढे जाते. वाटेत त्याला खाणारा एखादा किडा भेटला तर त्याला पळवून लावते. घाई करू नका. ती कुंडीत परत उतरेपर्यंत पाहत राहा. जास्वंदीवरची कीड वाढते कशी, हे मला पुस्तकांपेक्षा या एका वाटेवरून जास्त कळलं. मुंगीची वाट मोडल्याशिवाय केलेली फवारणी, माझ्या मते, निम्मी वायाच जाते. कुंडी विटेवर ठेवून ती वीट पाण्याच्या परातीत ठेवली आणि फांद्या भिंतीला टेकू दिल्या नाहीत, तर ही वाट तुटते. परातीतलं पाणी तेवढं रोज बदला, नाहीतर डास होतील.

बसल्या जागेवरून मन थोडं लांब नेऊ या. हार्बर लाईनवर शिवडीच्या शेजारचं स्टेशन कॉटन ग्रीन. 1920च्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार या बाजूला आला. देशभरच्या शेतांतला कापूस इथल्या गोदामांत गासड्यांनी रचला जायचा. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले. माणसाला हे वनस्पतिशास्त्र वाचून कळतं, किड्याला सोंडेनं. 2005च्या आसपास गुजरात आणि पंजाबच्या कापसावर पिठ्या ढेकणाच्या ज्या जातीनं थैमान घातलं, ती मूळची अमेरिका खंडातली, आणि ती जास्वंदीवरही तितक्याच सुखानं बसते. म्हणजे तुमच्या पत्र्याच्या डब्यात जे चाललंय, तेच कापसाच्या शेतात चालतं. फक्त तिथे एका शेंड्यावर घराचं वर्ष अवलंबून असतं.

आणि शेत आठवलं की 2017 आठवायलाच हवं. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मेले. अंगात साधा सदरा, तोंडाला फडकं, पाठीवर पंप, डोक्याइतक्या उंच वाढलेल्या कापसातून चालत गेलेली ही माणसं. हे आठवताना नजर पुन्हा आपल्या गॅलरीवर आणा. रुंदी दोन-तीन हात. एका बाजूला प्यायच्या पाण्याचं पिंप, वर दोरीवर बाळाची दुपटी, पलीकडे शेजारणीचे पापड. या जागेत शेतीचं विषारी औषध आणायचं नाही, हे मी फार पूर्वी ठरवून टाकलं. त्यावर मला पुन्हा विचार करावासा वाटत नाही.

परत पानाकडे या.

त्या पांढऱ्या ठिपक्यांत एखादा बाकीच्यांहून मोठा आहे का? अंगावर मेणाचे लांब पांढरे धागे, आणि चाल जरा चपळ? नीट पाहा, कारण आजच्या मननातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. तो पिठ्या ढेकूण नसण्याचा संभव आहे. तो क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असू शकते, आणि ती पिठ्या ढेकूण खाऊन जगते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातला. 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो भारतात आणला गेला. पुढे पिठ्या ढेकणावर तो चांगलाच कामाला आला. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार तो विकत आणून बागेत सोडतात. मोठा भुंगेरा काळा, डोकं विटकरी. अळी मात्र आपल्या भक्ष्यासारखीच पांढरी, पिठूळ. घाईतला अंगठा पहिल्यांदा हिलाच चिरडतो, कारण हीच मोठी दिसते. ज्यानं तुमचं काम केलं असतं, त्यालाच तुम्ही आधी मारता.

इथे थोडा वेळ थांबा. ओळख पटण्याआधी आपला हात किती वेळा पुढे गेला असेल, आणि तो फक्त झाडांवरच गेला असेल का, हे ज्याचं त्यानं आठवावं.

आता लिंबाकडे वळा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसतंय? ती अळी आहे. काडीनं हलकेच स्पर्श करा. डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. ही पानं खाणारी, म्हणजे हिशेबानं कीडच. पण लिंबूवर्गीय झाडांवर अशाच अळ्यांतून वाढतं ते ब्लू मॉर्मन, ज्याला 2015 साली महाराष्ट्रानं राज्याचं फुलपाखरू ठरवलं. मान द्यायचा तो पंखांना आणि चिरडायचं ते अळीला, हे कसं जमेल? लिंबाचं रोप लहान असेल तर सगळ्या अळ्या त्याला झेपणार नाहीत. एक-दोन राहू द्या, बाकीच्या पानासकट उचलून एखाद्या मोठ्या लिंबावर सोडा. काही पानं जातील. जाऊ द्या. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून जाळीनं जोडल्या असतील, तर आत अळी आहे. त्या कळ्या खुडून टाका, तिथे फार विचाराचं कारण नाही.

डोळे मिटा, आणि गॅलरीच्या पलीकडची शिवडी मनात आणा. इथे एकेकाळी मोठी बाग होती. पश्चिम भारतातल्या शेती आणि बागकामासाठी 1830 साली मुंबईत एक संस्था निघाली, तिची बाग शिवडीत होती. 1865 साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जमीन ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली. आज व्ही.टी. स्टेशन बांधणारे स्टीव्हन्स आणि गेटवेचा आराखडा करणारे विटेट तिथे विसावले आहेत. संस्थेचं काम भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलं. शिवडीची बाग गेली ती किडीनं नाही, शहराला जागा हवी होती म्हणून. त्या जमिनीवर ज्यांनी रोपं लावली, त्यांनीही पानं उलटून पाहिली असतील. आज ते काम रंगाच्या डब्यांवर येऊन ठेपलंय, आणि ते करणारे तुम्ही आहात.

डोळे उघडा. आता हात चालवू या.

पाण्याची बाटली घ्या, बुचाला भोकं पाडा आणि पानांच्या मागून जोरानं पाणी मारा. पिल्लं याच पाण्यानं निघून जातात, आणि धुळीनं माजणारा लाल कोळीही. बंदराच्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ असते, आपल्या पानांवर धूळ काही कमी बसत नाही. चिकटून बसलेल्या माद्यांसाठी कापसाचा बोळा सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवा आणि एकेक पुसा. या माद्या मरतात. ते मरणं आपल्या हातून होतंय, हे मान्य करून पुसा. तोंड फिरवू नका, रागही धरू नका. त्यांनी काही वाईट केलेलं नाही, त्या भुकेल्या होत्या, आणि आपल्याला हे झाड जगवायचंय. फारच भरलेला शेंडा कात्रीनं कापा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, खाली चौकात नको. पांढरी चपळ अळी दिसली तर ती फांदी सोडून द्या, तिथलं काम तिचं. खत म्हणून युरिया घालत असाल तर थांबवा. त्यानं कोवळी लुसलुशीत पालवी फुटते आणि मावा तिच्यावर तुटून पडतो.

संकष्टीला किंवा मंगळवारी गणपतीला वाहायचं लाल फूल दादरच्या फूलबाजारात सहज मिळतं. घरच्या जास्वंदीची एखादी पाकळी कुरतडलेली निघते. किडकं फूल देवाला वाहू नये असं घरातली मोठी माणसं सांगतात, आणि मी ते पाळते. ते फूल झाडावरच ठेवा. दिवसभर कुणी ना कुणी त्यावर येऊन बसेल.

निंबोळीचं काम संध्याकाळचं, कारण उन्हात त्यातलं सत्त्व लवकर उतरतं आणि मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळून घ्या. हे पाणी किडीला लगेच मारत नाही. तिची भूक मोडतं, तिची कात टाकायची क्रिया बिघडवतं, म्हणून आठवडाभर धीर धरा आणि मग पुन्हा फवारा. फवारताना लिंबाच्या कुंडीवर जुनी चादर टाका. तिथली अळी अजून खात असेल.