इथेच का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला एकाच खड्ड्याच्या दोन कथा ऐकायला मिळतात. दैत्यसूदनाच्या देवळाशी जोडलेली कथा अशी, की लवणासुर इथे जमिनीखाली दडून लोकांना छळत होता; विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला ठार केलं. सरोवराचं खारं पाणी म्हणजे दैत्याचं रक्त. दुसरी कथा भूशास्त्राची. आकाशातून आलेला अशनी दख्खनच्या बेसॉल्टवर आदळला आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. कधी, यावर वाद आहे: एका पद्धतीने 52 हजार वर्षांपूर्वी, दुसरीने 5 लाख 70 हजार.

ही दुसरी कथाही सुखासुखी मान्य झाली नाही. 1896 मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामांकित अमेरिकी भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातल्या विवराची तुलना लोणारशी केली आणि ते वाफेच्या स्फोटाने झालं असावं, असा निष्कर्ष काढला. लोणारलाही बराच काळ ज्वालामुखीच मानत. 1973 मध्ये इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पारची अशी काच होते. ज्वालामुखीला ते जमत नाही.

‘बघा, आमच्या पुराणाला आधीच ठाऊक होतं,’ असं म्हणण्याची खुमखुमी इथे अनेकांना येते. ती आवरलेली बरी. खड्डा कसा पडला याच्याशी पुराणकथेला कर्तव्य नाही. तिला छळतो तो दुसरा प्रश्न: इथेच का?

श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या कारणाचा शोध घेताना काल, स्वभाव, नियती, यदृच्छा (म्हणजे योगायोग) असे पर्याय मांडले आहेत आणि ते अपुरे ठरवून विचार ईश्वराकडे वळतो. साऱ्या विश्वाचं कारण शोधताना यदृच्छा अपुरी पडत असेल, पण लोणारपुरती ती पुरते. यदृच्छा म्हणजे कारणाचा अभाव नव्हे. अशनीची वाट गुरुत्वाकर्षणाने आखलेली होती, पृथ्वीचीही. दोन्ही वाटा एकमेकींना छेदाव्यात असं मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. पृथ्वी सात मिनिटांत साधारण आपल्या व्यासाइतकी पुढे सरकते. तेवढा उशीर झाला असता तर लोणार नसतं, आणि लवणासुरही.

आघात म्हणजे शिक्षा, या समजुतीला तर बुध ग्रहच उत्तर आहे. तिथलं आघातानेच पडलेलं कॅलोरिस खोरं सुमारे 1,550 किलोमीटर रुंद आहे. शिक्षा कुणाला झाली?

अर्थ माणसं मागाहून लावतात. बुधावरच्या विवरांना लेखक-कलावंतांची नावं देतात. तिथे व्यास, वाल्मीकी आणि कालिदास आहेत. शुक्रावरच्या विवरांना स्त्रियांची, आणि त्यांत एक डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचं. आदळणाऱ्या दगडांना यांपैकी कुणी माहीत नव्हतं. लोणारला दैत्य चिकटला तोही असाच नंतर, फक्त त्यासाठी आंतरराष्ट्रीय समितीची मंजुरी लागली नाही.