सोपा पेपर कुणाला?

'देव झेपेल तेवढंच दुःख देतो,' असं खडकी बाजारात सांत्वनाला आलेलं माणूस हमखास म्हणतं. दारूगोळा कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालो, तरी ते मला कधी पटलं नाही. नात पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेच्या अभ्यासाला बसली, तेव्हा का पटत नाही ते उमगलं.

त्या परीक्षेत गणिताचा पहिला भाग १२ प्रश्नांचा, मध्यम काठिण्याचा. तो चांगला गेला की १५ प्रश्नांचा दुसरा भाग अवघड येतो. बिघडला की सोपा. गुण १३० ते १७०. अवघड भागात एखाद-दुसरा चुकला तरी गुण वर राहतात. सोप्यात सगळे बरोबर आले तरी वरचे गुण हाती लागत नाहीत. म्हणजे अवघड प्रश्न हा तिथे मान, आणि त्याचं मोल गुणांत चुकतं होतं. शिवाय चुकीला गुण कापत नाहीत, हे तर देवानेही शिकावं!

संसारात उलटं. परिस्थितीने ज्यांचा पहिला भाग बिघडवला, त्यांच्याच पुढ्यात दुसरा आणखी अवघड. कर्मसिद्धान्त म्हणतो, हिशेब पुढच्या जन्मी होईल. ती गुणपत्रिका पाहिलीय कुणी?

तेव्हा सांत्वनाला जाल तर देवाची परीक्षापद्धती समजावू नका. जेवणाचा डबा घेऊन जा.